नदीकाठची अमानत
एकट्याने आणि अल्प खर्चात नद्यांवर गळ टाकणाऱ्या भटक्यांसाठी

शनिवारी पहाटेची पहिली एसटी धरावी, पाठीवर एक पिशवी आणि हाती एक गळकाठी घ्यावी, मावळातील, देशावरील अथवा कोकणातील एखाद्या नदीच्या काठी उतरावे आणि रविवारी सायंकाळी परत फिरावे, असा ज्यांचा छंद आहे, त्यांची संख्या आपल्याकडे थोडी असली तरी त्यांची निष्ठा मोठी असते. या छंदाला मोटार लागत नाही, हॉटेल लागत नाही, किमती उपकरणांवाचूनही तो यथास्थित चालतो. मात्र जो एकटा जातो त्याच्यापुढे एक अडचण उभी राहते, जिचा विचार चौघांच्या मंडळीला सहसा करावा लागत नाही. मासे आज कोणत्या डोहात आहेत याचा शोध घेत मनुष्य काठाकाठाने सरकत जातो, खडकांवरून उतरून वळणापलीकडे जातो, आणि तंबू, अंथरूण, भांडी व शिधा यांनी भरलेली पिशवी मागे राहते, तिच्याकडे पाहणारे कोणीही नसताना.

ही पिशवी झुडपात दडवून जाण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असली तरी ती चुकीची आहे, असे मला निश्चयपूर्वक वाटते. दडवलेल्या वस्तूला गावाच्या दृष्टीने धनी नसतो. उलट जी वस्तू कोणाच्या तरी ओसरीवर त्याच्या संमतीने ठेवलेली असते, तिची राखण केवळ ते घरच नव्हे, तर सारी आळी करीत असते. सामान लपवू नये, सोपवावे, हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

चोरापेक्षा पाणी मोठे

नदीकाठच्या सामानाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर प्रथम चोर येतो. परंतु आपल्या मुलखात त्याच्याआधी पाण्याचा विचार करावयास हवा. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या नद्या धरणांच्या हुकमतीखाली वाहतात, आणि पावसाळा संपल्यावर त्यांची पातळी पावसावर नव्हे, तर वीजनिर्मितीच्या आणि पाटबंधाऱ्यांच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. कुंडलिकेचेच उदाहरण घ्या. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून नळांवाटे भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि तेथून कुंडलिकेला मिळते. हा क्रम १९२७ पासून चालू असून कोलाडजवळचे राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालते. जो कातळ सकाळी कोरडा आणि पिशवी ठेवण्यास सोयीचा दिसतो, तोच पाणी सुटल्यावर प्रवाहाखाली जाऊ शकतो. कोयनेचे पाणी पोफळी आणि कोळकेवाडीच्या मार्गाने वाशिष्ठीत येते, तेथेही हीच सावधगिरी बाळगावी. देशावर भीमा, नीरा अथवा कृष्णेच्या काठी जाणाऱ्याने आवर्तन केव्हा सुटणार आहे याची चौकशी पाटकऱ्याकडे अथवा काठच्या शेतकऱ्याकडे करावी. ज्याच्या उसाला पाणी मिळावयाचे असते, त्याला ती तारीख अचूक ठाऊक असते.

कोकणात नदीच्या खालच्या टप्प्यात भरती-ओहोटीचा हिशेब करावा लागतो. चालू तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास; खाडीत जसजसे आत जावे तसतशी ती आणखी उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा ओहोटीला उघड्या पडलेल्या पुळणीवर काहीही ठेवू नये.

स्थळ कोणतेही असो, प्रथम काठावरील खुणा वाचाव्यात. झुडपांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा आणि चिंध्या पुराची मर्यादा दाखवतात, तर कातळावरील ओलसर, शेवाळलेला पट्टा रोजच्या चढउताराची. सामानाची जागा या दोन्ही रेषांच्या वर असावी. धरणाचा भोंगा ऐकू आल्यास, अथवा प्रवाह अकस्मात गढूळ होऊन त्यातून पालापाचोळा वाहू लागल्यास, गळ गुंडाळीत बसू नये, तत्काळ वर चढावे. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना खाली आकाश निरभ्र असू शकते.

पाण्याखालोखाल उपद्रव प्राण्यांचा. प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ म्हणजे खाऊ, हे देवस्थानांच्या आणि सहलीच्या जागांच्या माकडांना पक्के ठाऊक झालेले असते. पिशवीची चेनही त्यांना फार वेळ रोखू शकत नाही. कुत्री आमिषाच्या आणि माशांच्या वासाने येतात. फाल्गुनापासून पुढे वाळल्या गवतात लपवलेल्या सामानाला वणव्याचे भय असते, आणि कोकणात याच सुमारास शेतकरी राब भाजतात. दगडांच्या कपारीत हात घालून वस्तू ठेवणे अथवा काढणे तर सर्वथा टाळावे, कारण फुरसे आणि विंचू यांची ती वसतीची जागा होय.

सामानाचे तीन वाटे

घरून निघतानाच सामानाची तीन भागांत विभागणी करावी, म्हणजे पुढील अर्धी चिंता आपोआप मिटते.

पहिला वाटा अंगावरचा. पैसे, ओळखपत्र, घराची किल्ली, रोजची औषधे, शिट्टी आणि जलरोधक पाकिटातील मोबाइल या वस्तू कमरेच्या लहान पिशवीत असाव्यात आणि ती पिशवी झोपतानाही दूर करू नये. सर्व रोकड एका ठिकाणी न ठेवता परतीच्या भाड्यापुरत्या नोटा वेगळ्या, कपड्यांच्या आतील खिशात ठेवाव्यात.

दुसरा वाटा हाताजवळचा. गळकाठी, गळांची व शिशांची डबी, आमिष, पाण्याची बाटली, दुपारची भाकरी आणि विजेरी एवढेच त्यात असावे, व ते सर्व एका खांद्यावरच्या झोळीत मावावे. जागा बदलताना झोळी उचलणे जिवावर येत असेल, तर तिच्यात गरजेहून अधिक भरले गेले आहे असे समजावे.

तिसरा वाटा सोपवण्याचा. तंबू, अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह, भांडी आणि कोरडे कपडे त्यात येतात. या वाट्यात अशी एकही वस्तू असू नये, की जी गेली असता प्रवास थांबेल अथवा वर्षभर हळहळ लागून राहील. येथे अल्प खर्चाचा मार्ग हाच सुरक्षिततेचाही मार्ग ठरतो. जुनी चादर, ॲल्युमिनियमचे पातेले आणि साधी ताडपत्री यांचा मोह कोणाला पडत नाही, आणि खताच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या गोणीत घातलेली पिशवी पावसापासून वाचते व चार लोकांच्या नजरेतही भरत नाही.

कोणाकडे आणि कोणत्या रीतीने

गावात उतरताच नदीकडे धाव घेऊ नये; प्रथम एसटीच्या थांब्यासमोरील चहाच्या टपरीवर अथवा किराणा दुकानात बसावे. चहा घ्यावा, आपण कोठून आलो, कोणत्या डोहावर जाणार आणि केव्हा परतणार हे सांगावे, आणि मग विचारावे, “मामा, एवढी पिशवी सांजपर्यंत इथं ठेवली तर चालेल का?” अथवा “मावशी, ओसरीवर एवढं राहू द्याल का?” अशा साध्या विनंतीला नकार क्वचितच मिळतो. दुकान दुपारी बंद राहते काय, हे मात्र आधीच विचारून घ्यावे. दुकान नसेल तेथे देवळाचे गुरव, नदीलगतच्या पहिल्या घरातील वडीलधारी माणसे, अथवा ज्यांची उपजीविकाच त्या पाण्यावर आहे ते भोई आणि कोळी बांधव, यांना विचारावे. मुक्काम करावयाचा असेल तर पोलीस पाटलांना भेटून आपले नाव व पत्ता सांगणे इष्ट. परगावचा एकटा माणूस नदीकाठी रात्र काढतो आहे, ही गोष्ट त्यांना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेली बरी. शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या पडवीत अनुज्ञेवाचून सामान टाकू नये.

सामान देताना पिशवी त्यांच्या देखत उघडावी आणि आत काय आहे ते दाखवावे. यजमानाला संकटात टाकील असे काहीही, मद्य तर मुळीच नाही, तिच्यात असू नये. नंतर तोंड दोरीने बांधून आपले नाव, गाव, स्वतःचा व घरच्या एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तिला अडकवावी, आणि वस्तूंची यादी व छायाचित्र आपल्याजवळ ठेवावे.

किमती वस्तू मात्र कोणाच्याही स्वाधीन करू नये. १८७२ च्या करार कायद्याचे १५१ वे कलम दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा करते, की सामान्य विवेकाचा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यावी. ज्या घराचे दार दिवसभर उघडे असते आणि ज्या घरातील सर्व माणसे शेतावर जातात, त्या घरावर महागड्या कॅमेऱ्याची जोखीम लादणे अन्यायाचे आहे. मोबदल्याचा व्यवहारही सौजन्याचा असावा. नाश्ता तेथेच करावा, रात्रीचा शिधा त्याच दुकानातून घ्यावा, निघताना घरातील मुलांसाठी खाऊ द्यावा. यजमानांनी पैसे सांगितले तर घासाघीस न करता द्यावेत.

प्रवास रेल्वेचा असेल, तर मोठ्या स्थानकांवरील अमानती सामानघराचा उपयोग होतो. तेथे सामानाला कुलूप असावे लागते आणि वैध तिकीट दाखवावे लागते, म्हणून एक छोटे कुलूप बरोबर असावे आणि पावती अंगावरच्या वाट्यात ठेवावी.

जेथे वस्तीच नाही

क्वचित नदीचा असा टप्पा लागतो, की कोसभर घर नसते. तेथे पूररेषेच्या वर, परंतु बसल्या जागेवरून दिसेल अशा ठिकाणी पिशवी झाडाच्या बुंध्याला सायकलच्या साखळीने अथवा जाड दोरीने बांधावी. निश्चय करून आलेल्या चोराला साखळी अडवू शकत नाही. तथापि कुत्रा, वारा आणि जाता जाता हात लावून पाहणारा वाटसरू यांना ती अडवते. खाद्यपदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यात असावेत. पिशवी नजरेआड होईल एवढे दूर जावयाचे झाल्यास ती उचलून न्यावी आणि नवा तळ करावा. धरणाच्या भिंतीजवळ, वीजगृहापाशी अथवा पुलाखाली सामान मुळीच सोडू नये, कारण तेथील बेवारस पिशवी ही संशयाची बाब असते आणि तिची चौकशी पोलिसांना करावीच लागते.

गळही बेवारस ठेवू नये

पिशवीइतकीच काळजी गळाची घ्यावी. आमिष लावलेली काठी दगडांत रोवून जेवायला अथवा झोपायला जाण्याची रीत सर्वस्वी त्याज्य आहे. अशा गळाला मासाच लागेल याची शाश्वती नसते; कासव, पाणसाप, पाणकावळा अथवा पाणमांजर अडकते आणि तासन्‌तास तडफडते. मोठा मासा लागला तर काठीच ओढून नेतो, आणि तुटलेली नायलॉनची दोरी पाण्यात वर्षानुवर्षे कुजत नाही. म्हणून उठताना गळ पाण्याबाहेर काढावा, दोरी गुंडाळावी आणि गळाच्या टोकाला बुचाचा तुकडा टोचावा. धरलेले मासे काठालगत बांधून ठेवून जाऊ नये. सांगलीकडील कृष्णा, चिपळूणजवळील वाशिष्ठी आणि महाडची सावित्री या नद्यांत मगरी आहेत, व तेथे पाण्याच्या अगदी कडेशी उकिडवे बसणेही धोक्याचे आहे.

साहित्य गमावण्याचे आणखी एक कारण जप्ती हे होय. अनेक जलाशयांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, तेव्हा प्रथम संस्थेच्या माणसाला विचारावे. कोयना, राधानगरी यांसारखी अभयारण्ये आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत गळ टाकण्याचा विचारच करू नये. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड अथवा देहूचा इंद्रायणीचा डोह येथील मासे देवाचे म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. त्या श्रद्धेमुळेच ते आज टिकून आहेत, आणि त्यांचे दर्शन घेऊनच परतावे.

हरवलेच तर

सामान जागेवर नाही असे दिसताच प्रथम प्रवाहाच्या दिशेने काठ पाहावा, नंतर झाडांचे शेंडे आणि आसपासची झुडपे. मग ज्यांच्याशी सकाळी बोलणे झाले त्यांना सांगावे. पुष्कळदा एखाद्या गुराख्याने पिशवी बेवारस समजून सुरक्षित ठेवलेली असते. कोणत्याही व्यक्तीवर, विशेषतः नदीवर खेळणाऱ्या मुलांवर, पुराव्यावाचून आळ घेऊ नये. आपण दुसऱ्या दिवशी निघून जातो, परंतु तो डाग त्या मुलाला गावातच वागवावा लागतो. चोरीची खात्री असल्यास पोलीस पाटलांना कळवून ठाण्यात फिर्याद द्यावी. संकटसमयी ११२ हा क्रमांक आहेच. मोबाइल गेला असेल तर शासनाच्या संचार साथी या सुविधेद्वारे तो बंद करता येतो, व त्यासाठी लागणारा पंधरा अंकी क्रमांक *#०६# दाबून निघण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावा.

परतीची वेळ

सामान सोपवताना परतीची जी वेळ सांगावयाची, ती काळजीपूर्वक ठरवावी आणि कटाक्षाने पाळावी, कारण एकट्या माणसाच्या दृष्टीने या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ चोरीपासूनच्या संरक्षणाहून वेगळा आहे. शेवाळलेल्या कातळावरून घसरून पाय मोडला, साप चावला अथवा वाढत्या पाण्यामुळे पलीकडच्या काठावर अडकून पडावे लागले, तर घरच्यांना ते रविवारच्या रात्रीपर्यंत समजणार नाही, आणि अनेक दऱ्यांत मोबाइलला संपर्कही मिळत नाही. झुडपात लपवलेली पिशवी अशा वेळी कोणाला काहीही सांगत नाही. परंतु ज्या दुकानात ती ठेवलेली असते, तेथे दिवेलागणीला प्रश्न निघतो की, सकाळचे पाहुणे अजून का आले नाहीत. आणि डोहाचे नाव त्यांना ठाऊक असल्याने शोधाला कोठून आरंभ करावयाचा हेही ठाऊक असते. म्हणून निघताना स्पष्ट सांगावे, “सात वाजेपर्यंत येतो, आठपर्यंत आलो नाही तर वरच्या डोहाकडे कोणाला तरी पाठवा.” आणि मासे कितीही लागत असले, तरी सात वाजता त्या ओसरीवर हजर व्हावे.