सिसिलीचा एकाकी वृक्ष

भूमध्य समुद्रांत इटलीच्या दक्षिणेस सिसिली नांवाचें मोठें बेट आहे. त्याच्या उत्तर भागांत मादोनिए ही पर्वतांची रांग पसरली असून तिच्या उतारांवर एक सूचिपर्णी वृक्ष आढळतो. जगांत अन्यत्र कोठेंहि तो आपोआप उगवत नाहीं. आणि तेथेंहि पूर्ण वाढलेले असे वृक्ष आज सुमारें ३० च उरले आहेत.

नाताळांत युरोपांतील घरोघरीं जें फरचें झाड शृंगारितात, त्याच्याच जवळच्या नात्यांतला हा वृक्ष होय. हिमालयांतील देवदारहि याच कुळांतला. याची उंची साधारणतः १५ मीटरपर्यंत असते. पानें सुईसारखीं व गर्द हिरवीं असतात. डाहळ्यांचीं टोकें एकमेकींस काटकोनांत फुटून क्रूसाची आकृति दिसते, म्हणून तेथील लोक यास ‘क्रूसाचें झाड’ म्हणतात. यांपैकीं कांहीं वृक्ष ज्या दरींत उभे आहेत, तिचें नांवहि ‘देवदूतांच्या स्वामिनीची दरी’ असें आहे.

हिमयुगांत थंडीमुळें फर वृक्ष दक्षिणेकडे पसरले. पुढें हवा उष्ण होत गेली, तसतसे ते पर्वतांच्या माथ्याकडे सरकले. त्यानंतर मनुष्याची कुऱ्हाड चालूं लागली. याच्या लांकडाच्या तुळया जुन्या ख्रिस्तमंदिरांच्या छपरांस लागल्या. रोपें गुरांनीं खाल्लीं. १९०८ सालीं मात्तेई या वनस्पतिशास्त्रज्ञानें यास स्वतंत्र जातीचें नांव दिलें. परंतु पुढें हा वृक्ष नष्ट झाला, असेंच समजलें गेलें. १९५७ सालीं तो पुन्हां आढळला.

मग हे वृक्ष जिवंत असतां त्यांचा वंश कां वाढत नाहीं? फरच्या एकाच झाडावर नर व मादी असे दोन्ही प्रकारचे शंकू येतात. नर-शंकूंतील पराग वाऱ्यानें उडून शेजारच्या झाडांवरील मादी-शंकूंवर पडतात व त्यांपासून सकस बीं तयार होतें. पूर्वीं दाट रान होतें, तेव्हां हें सहज घडे. आतां झाडें एकमेकांपासून दूर पडलीं आहेत. झाडाचे पराग त्याच्याच शंकूंवर पडतात. पुष्कळसें बीं पोकळ निघतें आणि जें रुजतें, त्याचीं रोपें बहुधा दुर्बळ असतात. शिवाय आसपास लाविलेल्या परक्या फर वृक्षांचे पराग मिसळून मूळ जात बिघडण्याचें भय आहेच.

१९८९ सालीं मादोनिए पर्वताचें संरक्षित उद्यान झालें. वृक्षांभोंवतीं कुंपणें घातलीं गेलीं, रोपवाटिका निघाल्या. २०१९ सालीं युरोपीय संघाच्या साहाय्यानें नवें कार्य आरंभिलें गेलें. त्यांत एका झाडाचे पराग गोळा करून ते दूरच्या झाडाच्या शंकूंवर माणसांनीं स्वतः नेऊन घातले. वाऱ्याचें काम मनुष्याच्या हातांस करावें लागलें!

विद्यार्थिमित्रहो, मनुष्याप्रमाणें वृक्षांसहि शेजार लागतो. झाड उभें आहे, एवढ्यावरून त्याची जात सुरक्षित आहे, असें मानूं नये. रान विरळ होतें, तेव्हांच ऱ्हासाचा आरंभ होतो. आणि शेवटचीं तीस झाडें मोजण्याची पाळी येण्यापूर्वींच सावध होणें, हें शहाणपणाचें आहे.