घरगुती हातयंत्रावर ठशांची छपाई



छापण्याची विद्या मोठ्या छापखान्यांतच राहते, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तिचें मूळ अगदीं लहान आहे. उंचसखल कोरलेला एक ठसा, त्याच्या उंच भागावर शाई, शाईवर कागद आणि कागदावर दाब, एवढ्या चार गोष्टींत ती सारी सामावली आहे. या चारही गोष्टी साध्या घरांत एका मेजावर जुळवितां येतात. त्या कशा जुळवाव्या, हा आजच्या पाठाचा विषय होय.

आजच्या काळीं चार ओळी छापून हव्या असल्या तर तालुक्याच्या गांवीं संगणकावर तें काम घटकाभरांत होतें. तेव्हां वेळ वांचविण्यासाठीं कोणीं ठसा कोरूं नये. परंतु रात्रशाळेचा अक्षरपट, मुलांच्या हस्तलिखित मासिकाचें मुखपृष्ठ किंवा घरच्या लग्नाची पत्रिका यांवर आपल्या हातें कोरलेलें चित्र असलें, तर त्याची शोभा कांहीं वेगळीच असते. या हौसेनें कित्येक तरुण जुनें हातयंत्र विकत घेतात. पहिला छाप फिका येतो, म्हणून ते दांडा अधिक आवळतात. दुसरा डागाळतो, म्हणून आणखी आवळतात. शेवटीं ठसा चिरडतो, किंवा यंत्रच तडकतें, आणि कष्टाचा पैसा भंगारांत जातो. ही हानि टाळतां येण्याजोगी आहे. छाप चांगला उठतो तो दाबाच्या जोरानें नव्हे, तर दाबाच्या सारखेपणानें. हें एक वाक्य ज्यास समजलें, त्यास या विद्येचें मर्म समजलें.

१. लहान प्रयोगाचें महत्त्व

मुंबईचे गणपत कृष्णाजी यांचें नांव मराठी मुद्रणाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील काम पाहून आपणही छापावें, अशी इच्छा त्यांच्या मनांत उत्पन्न झाली. त्यांनीं आपल्या हातानें लाकडी यंत्र तयार केलें, दगडाच्या लहानशा तुकड्यावर अक्षरें उठवून पाहिलीं, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढिलें. शिळाछापाची रीत कोरीव ठशाच्या रीतीहून निराळी आहे, हें खरें. तथापि आधीं लहान तुकड्यावर प्रचीति पाहावी आणि मग मोठें काम हातीं घ्यावें, हा त्यांचा क्रम सर्वांनीं उचलण्याजोगा आहे.

कोरीव ठशाचें सामर्थ्य किती, हें पाहावयाचें असल्यास नंदलाल बोस यांनीं १९३० सालीं केलेलें गांधीजींचें चित्र पाहावें. काळ्या पृष्ठावर पांढऱ्या रेषांनीं, हातांत काठी घेऊन चालणारी ती मूर्ति लिनोलियमच्या ठशावरून छापिलेली आहे. त्यांत रंगांची आरास नाहीं, बारीक छटा नाहींत. काय ठेवावें आणि काय कोरून टाकावें, याचा विवेक मात्र पूर्ण आहे.

२. यंत्राची निवड

घरगुती कामास सर्वांत सोपें यंत्र म्हणजे मळसूत्राचें दाबयंत्र. पुस्तकें बांधणारे ज्यास शिकंजा म्हणतात, त्याच जातीचें हें आहे. पूर्वीं कचेऱ्यांतून पत्रांची नक्कल काढण्यासाठीं अशीं बिडाचीं यंत्रें ठेवीत असत. त्या नकलेच्या यंत्राचें पेटंट जेम्स वॉट यानें १७८० सालीं घेतलें होतें. खालीं सपाट बैठक, वर सपाट दाबपाट आणि मध्यें आडव्या दांड्याचें मळसूत्र, एवढीच त्याची रचना असते.

जुनें यंत्र घेतांना तीन गोष्टी तपासाव्या. पहिली, मळसूत्राचे आटे झिजलेले नसावे. दुसरी, दाबपाट व बैठक एकमेकींस समांतर असावीं; चार कोपऱ्यांत एकाच कागदाच्या चार पट्ट्या ठेवून पाट खालीं आणावा आणि पट्ट्या ओढून पाहाव्या. चारही सारख्याच घट्ट धरल्या गेल्या, तर पाट समांतर आहे असें समजावें. तिसरी, कोठेंही तडा किंवा सांधलेली जागा नसावी. बीड दाब पुष्कळ सोसतें, पण ताण सोसत नाहीं. तें लोखंडासारखें आधीं वांकून इशारा देत नाहीं, एकाएकी फुटतें. म्हणून दांड्यास नळी जोडून तो लांब करूं नये आणि त्यावर दोघांनीं मिळून जोर लावूं नये.

येथें थोडें गणित ध्यानांत घ्यावें. ४ इंच रुंद व ६ इंच लांब ठशाचें क्षेत्र २४ चौरस इंच होतें. ८ इंच रुंद व १२ इंच लांब ठशाचें ९६ चौरस इंच होतें. लांबीरुंदी दुप्पट झाली, तर क्षेत्र चौपट झालें. दांड्यावर हाताचा जोर तेवढाच असतां मोठ्या ठशाच्या प्रत्येक चौरस इंचास चौथाईच दाब मिळतो. यास्तव लहान यंत्रावर लहान ठसाच घ्यावा, आणि चित्रांत भरीव काळे भाग थोडे ठेवावे; कारण भरीव भागास बारीक रेषेपेक्षां अधिक दाब लागतो.

यंत्र विकत घेण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी. शाई लाविलेल्या ठशावर पातळ कागद ठेवून त्याच्या पाठीवर लाकडी चमच्याची पाठ गोल गोल घांसावी. असाही स्वच्छ छाप उठतो. महिन्यांतून पांच-दहा प्रतीच काढावयाच्या असल्या, तर चमचाच पुरे. यंत्राचा खर्च करण्याचें प्रयोजन नाहीं.

३. ठसा कोरणें

नवशिक्यानें लिनोलियम घ्यावें. १८६३ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक वॉल्टन यानें त्याचें पेटंट घेतलें. हवेनें घट्ट झालेलें जवसाचें तेल, राळ आणि बुचाची पूड यांचें मिश्रण तागाच्या कापडावर बसवून तें करितात. त्यास लाकडाप्रमाणें रेषा नसल्यामुळें कोरणी सर्व दिशांनीं सारखी चालते. थंडींत तें कडक झालें, तर थोडा वेळ उन्हांत ठेवावें म्हणजे मऊ होतें. तें सपाट फळीवर सरसानें चिकटवावें. शिशाच्या खिळ्यांबरोबर एकाच फर्म्यांत छापावयाचें असेल, तर फळीसकट ठशाची उंची खिळ्याइतकी, म्हणजे इंग्रजी मापाप्रमाणें ०.९१८ इंच, असली पाहिजे.

कोरतांना रेषेच्या दोन्ही बाजू उतरत्या ठेवाव्या, म्हणजे रेषेचा पाया तिच्या माथ्याहून रुंद राहील. पायाच आंतून पोखरला, तर दाबाखालीं रेषा ढांसळते. ठसा पुढें सरकूं नये म्हणून मेजाच्या कडेस अडणारी पट्टी मारलेली फळी घ्यावी. कोरणी नेहमीं आपल्यापासून दूर जावी, आणि दुसरा हात कधींही तिच्या पुढें नसावा. लहान मुलांच्या हातीं हें हत्यार देतांना मोठ्या माणसानें जवळ बसावें.

४. उलटीं अक्षरें

छापांत अक्षर सुलट यावयाचें, तर ठशांत तें उलट कोरावें लागतें. मजकूर पातळ कागदावर सुलट लिहावा, तो कागद पालथा करून कार्बन कागदावरून ठशावर उतरावा, आणि कोरण्यापूर्वीं आरशांत वाचून पाहावा.

देवनागरीस या कामीं दोन विशेष अडचणी आहेत. एक, उलट लिहिलेली पहिली वेलांटी दुसऱ्या वेलांटीसारखी दिसते, आणि दुसरी पहिलीसारखी. कोरणारा मध्येंच भांबावतो, रेखाटन चुकलें असें समजून ‘सुधारणा’ करितो, आणि बरोबर शब्द बिघडवितो. म्हणून आरशांत एकदां वाचून खात्री झाल्यावर ठशावरील अक्षरें वाचूं नयेत. रेखाटलेल्या रेषेमागूनच कोरणी न्यावी. दुसरी अडचण शिरोरेषेची. ती लांब व अखंड असल्यामुळें दाबांत थोडाही कमीजास्तपणा असला, तर प्रथम तेथेंच दिसतो. एका टोकास ती ठसठशीत आणि दुसऱ्यास पुसट उमटते. ही अडचण खरी, पण उपयोगी आहे. शिरोरेषा पाहून दाबाची परीक्षा करावी.

५. शाई आणि कागद

छपाईची तेलकट शाई काचेच्या तक्तीवर थोडीशी घेऊन रुळानें पसरावी. थर योग्य झाला म्हणजे रूळ फिरतांना मंद सळसळ ऐकूं येते. चटचट असा चिकट आवाज आला, तर शाई जास्त आहे असें समजावें. ठशावर एकदम जाड थर देऊं नये. पातळ थर तीन-चार वेळां, उभा व आडवा रूळ फिरवून द्यावा. जाड शाई कोरलेल्या खांचांत उतरते आणि बारीक रेषा बुजवून टाकते.

कागद फार गुळगुळीत नसावा. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचें नांव हातकागदासाठीं जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. असा हातकागद जाड असल्यास आदल्या रात्रीं ओलसर कागदांच्या मध्यें दाबून ठेवावा. किंचित् दमट कागद शाई लवकर घेतो, आणि मग दाबही कमी लागतो.

६. दाब कसा द्यावा

बैठकीवर गुळगुळीत फळी, तिजवर ठसा शाईचें तोंड वर करून, त्यावर कागद, कागदावर दोन-तीन कोरे कागद, मग पातळ बनातीचा तुकडा आणि सर्वांवर दुसरी सपाट फळी, असा क्रम ठेवावा. ठसा बरोबर दाबपाटाच्या मध्यावर यावा. एका बाजूस राहिला, तर पाट कलतो. खालच्या फळीवर कागदाच्या दोन कडांसाठीं पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवाव्या, म्हणजे प्रत्येक प्रत एकाच जागीं बसेल. बनात जाड असूं नये. मऊ थर जाड झाला, तर कागद खांचांत ढकलला जातो आणि कडा मळकट येतात.

पाट टेकेपर्यंत दांडा फिरवावा आणि तेथें खडूनें खूण करावी. नंतर बेताचा जोर लावून दांडा कोठें थांबला तेथें दुसरी खूण करावी. दहा अंक मोजावे, दांडा सावकाश उलट फिरवावा, आणि कागद एका कोपऱ्याकडून उचलावा. पुढील प्रत्येक प्रतीस दांडा दुसऱ्या खुणेपर्यंतच न्यावा.

आतां पहिला छाप उजेडांत नीट पाहावा. सगळाच सारखा फिका असेल, तर शाई किंवा दाब किंचित् वाढवावा. परंतु बाकीचा छाप चांगला असून एखादाच भाग फिका असेल, तर दांड्यास हात लावूं नये. त्या जागीं ठसा खोलगट आहे, इतकाच त्याचा अर्थ. फिक्या भागाच्या आकाराचा पतंगी कागदाचा तुकडा फाडून ठशाच्या पाठीस, नेमक्या त्याच जागीं, खळीनें चिकटवावा. पुन्हां छाप घ्यावा. अजून फिका असेल, तर पहिल्याहून लहान दुसरा तुकडा लावावा. कडा फाडलेल्या असाव्या, कातरलेल्या नव्हेत. म्हणजे उंचीची पायरी छापांत दिसत नाहीं.

मोठ्या छापखान्यांतील कुशल कारागीरही हेंच करीत आले. एका फिक्या कोपऱ्यासाठीं सगळ्या ठशावर दाब वाढविला, तर जे भाग बरोबर होते ते चिरडतात, आणि कोपरा फिका तो फिकाच राहतो. उणीव जेथें आहे तेथेंच, आणि आहे तेवढीच, भरली पाहिजे. वर्गांतील एक मूल मागें पडलें म्हणून सर्व मुलांवर छडी उगारणाऱ्या शिक्षकानें हा प्रयोग एकदां अवश्य करून पाहावा.

७. काम संपल्यावर

छापलेले कागद दोरीवर चिमट्यांनीं टांगावे. तेलकट शाई हवेशीं संयोग पावून वाळते. पावसाळ्यांत तिला अधिक दिवस लागतात, म्हणून लगेच एकावर एक रचूं नयेत. ठसा, रूळ व काच गोड्या तेलाच्या चिंधीनें पुसून मग कोरड्या फडक्यानें स्वच्छ करावीं. मळसूत्रास तेलाचा हात द्यावा, आणि पाट दाबलेला न ठेवतां सैल सोडावा.

एक सूचना विशेष ध्यानांत ठेवावी. जवसाच्या तेलाची शाई लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नये. तें तेल वाळतांना उष्णता निघते. ती बोळ्यांत कोंडली, तर चिंध्या आपोआप पेटण्याचा संभव असतो. त्या घराबाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

असो. हातीं यंत्र नसलें, तरी ठसा, रूळ व चमचा घेऊन आरंभ करण्यास कोणतीच हरकत नाहीं. पहिल्या ठशांत आपल्या मुलाचें किंवा मुलीचें नांव कोरावें. त्यांत वेलांटी असल्यास फारच उत्तम.

अभ्यासाचे प्रश्न

(१) ठशाची लांबीरुंदी दुप्पट केली, तर प्रत्येक चौरस इंचावरील दाब किती राहतो, आणि कां?

(२) बिडाच्या यंत्राचा दांडा नळी जोडून लांब कां करूं नये?

(३) ‘दिवाळी’ हा शब्द उलट लिहून आरशांत वाचा. आरशावांचून पाहतां दोन्ही वेलांट्या कशा दिसतात?

(४) छापाचा एकच कोपरा फिका आला, तर काय करावें, आणि काय करूं नये?

(५) तेलकट शाईच्या चिंध्यांची व्यवस्था कशी लावावी?