पुण्याला निघालेल्या पुतण्यासाठी सायकल शर्यतीचा कानमंत्र

अरे, झाशीच्या लक्ष्मी गेटातलं घर सोडून पुण्याला निघालाच आहेस, तर सामानाबरोबर एवढं कानात ठेवून जा. सायकलची शर्यत बघायला बसलास की 'कोण जिंकणार' हा प्रश्न आधी बाजूला ठेव. 'आत्ता वारा कोण खातंय' ते बघ. निम्मी गंमत तिथेच आहे.

ही गोष्ट वाचून कळत नाही, ती अंगाला कळावी लागते. जायच्या आधी एकदा पहाटे सायकल काढ. गेटाबाहेर पड, महालक्ष्मीचं देऊळ आणि तळं मागे टाक, मोकळा रस्ता लागला आणि वारा समोरून आला की मित्राला पुढे घाल. त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेव. कानातला वाऱ्याचा घोंगाट एकदम उतरतो, पायडल हलकं होतं, मांड्या सैलावतात. मग तू पुढे हो. दोन मिनिटांत धाप लागेल. मागच्याचे कष्ट जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी होतात, ते असे. मात्र नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नकोस, त्याच्या खांद्यावरून रस्ता बघ आणि बोटं ब्रेकवर ठेव. चाकाला चाक घासलं तर बहुधा मागचाच आपटतो.

हे एकदा अनुभवलंस की टूर द फ्रान्स वेगळीच दिसायला लागेल. एका संघात आठ जण. त्यातल्या एकाला जिंकवायचं, म्हणून बाकीचे सात त्याच्यापुढे वारा खातात, मागे गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतात, वेळ आली तर स्वतःचं चाक काढून त्याला देतात. बेल्जियमच्या टिम डेक्लर्कला तर 'ट्रॅक्टर' हेच नाव पडलं होतं, कारण तासन् तास अख्खा घोळका तो एकटा ओढायचा. म्हणून माझं ऐक, वहीत एकच नाव लिही आणि ते पहिल्या दहातलं नको. असा एक राबणारा गडी निवड, तीन आठवडे त्याच्यावर लक्ष ठेव. त्याच्या मालकाने टप्पा मारला की तुला जो आनंद होईल, तो नुसत्या विजेत्यामागे लागणाऱ्याला कधी मिळायचा नाही.

जुलैत टप्पे आपल्या रात्री नऊच्या सुमारास संपतात. पाच तास डोळे लावून बसायची गरज नाही. सपाटीचा टप्पा असेल तर शेवटचे ४० किलोमीटर बघ. पुढे निसटलेल्या टोळीला किती मिनिटांची आघाडी आहे ते पडद्यावर येतं. रॉबेर शापात नावाचा फ्रेंच समालोचक होता, स्वतः शर्यती मारलेला. त्याचा ठोकताळा असा, की घोळक्याने मनावर घेतलं तर दर १० किलोमीटरला १ मिनिट भरून काढतो. ३० किलोमीटर उरलेत आणि आघाडी दोनच मिनिटांची आहे, तर निसटलेले धरले जाणार. चार असेल तर जेवण थांबव आणि बघत राहा. वाटेतले झेंडे, झाडांचे शेंडेही बघत जा. वारा बाजूने आला की घोळक्याची तिरकी रांग होते. त्या रांगेत ज्याला जागा मिळाली नाही, त्याचा दिवस गेला म्हणून समज.

हिशेब एकूण वेळेचा असतो, हे विसरू नकोस. २०१७ साली क्रिस फ्रूमने एकही टप्पा न जिंकता टूर जिंकली. आणि १९८९ मधे शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँ ५० सेकंदांनी मागे होता. व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटर घड्याळाविरुद्ध एकट्याने मारून तो ८ सेकंदांनी पुढे गेला. तीन आठवडे, तीन हजारांवर किलोमीटर, आणि फरक आठ सेकंदांचा! मला आजही अंगावर काटा येतो.

माया लाव, पण डोळे मिटून नको. उत्तेजक द्रव्यं घेतल्याबद्दल लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं २०१२ मधे काढून घेतली, आणि तेच योग्य झालं.

आता पुण्याबद्दल. इथल्या मराठी घरांचे पूर्वज मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांच्या काळापासून इकडे येत गेले, घाट मात्र तिकडेच राहिले. त्या घाटांचं महत्त्व तुला तिथे कळेल. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळायचा, आणि पुष्कळांना पुण्यात पहिलं येण्याइतकाच त्याचा अभिमान वाटायचा. फ्रान्समधे त्याच मानासाठी १९७५ पासून लाल ठिपक्यांची जर्सी देतात. जानेवारी २०२६ मधे पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीच्या निमित्ताने परदेशी संघही जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उतरले.

तेव्हा शर्यत लागली की शेवटच्या रेषेपाशी गर्दीत उभा राहू नकोस. सपाटीवर ते दहा सेकंदांत सुसाट निघून जातात, काही दिसत नाही. घाटात जा, चढाच्या वरच्या निम्म्यात, वळणाच्या आतल्या बाजूला उभा राहा. तिथे वेग पडतो, चेहरे दिसतात, श्वास ऐकू येतात. तिकीट नसतं. रस्ता बंद व्हायच्या आत पोच, पाणी आणि टोपी घे, फोटोसाठी रस्त्यावर पाय टाकू नकोस, कुणाला धक्का देऊन मदत करू नकोस. पहिला गेला म्हणून निघू नकोस. मागे राहिलेले कधी कधी अर्ध्या तासाने येतात, आणि टाळ्यांची खरी गरज त्यांना असते. रात्री मला फोन कर आणि तुझा गडी कितवा आला ते सांग.