कॅमेरा अंगणात टेकव

दिवाळीच्या किल्ल्याचे फोटो नीट यावेत म्हणून कॅमेरा घ्यायचा म्हणतोस, तर दुकानात जाण्याआधी मामाचं थोडं ऐकून घे. लहान वस्तू म्हटली की दुकानदार मॅक्रो लेन्स काढून दाखवतो. ती घेऊ नकोस. एकास एक मोजमापाच्या मॅक्रो लेन्सने अगदी जवळ गेलास, तर एपीएस-सी सेन्सरवर जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मावतो. त्यात मावळ्याच्या मिशा येतील आणि ब्रशचे चुकलेले फराटे. मुंगीचे डोळे टिपायचे असते तर गोष्ट वेगळी. आपल्याला मावळा हवा, त्याच्यामागचा दरवाजा हवा, आणि जमलं तर एखादा बुरूजही हवा.

त्याला कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स पुरते. कॅननची १८-५५ एसटीएम २५ सेंटिमीटरवरून फोकस करते आणि वस्तूच्या ०.३६ पट प्रतिमा देते. कॅमेरा उभा धरलास तर सहा सेंटिमीटरचा मावळा टाचेपासून मुंडाशापर्यंत चौकट भरतो. मात्र हे २५ सेंटिमीटर लेन्सच्या तोंडापासून मोजायचे नाहीत. बॉडीवर गोलाला छेदणाऱ्या रेघेची खूण असते, सेन्सर तिथे आहे, तिथून मोजायचे. प्रत्यक्षात लेन्सपुढे अर्धी वीतच उरते. कॅमेऱ्याची सावली मावळ्यावर पडत नाही ना, हे आधी बघ.

आता खरा मुद्दा. मागची बाजू छान धूसर येते म्हणून एफ/१.८ची लेन्स घ्या, असं तुला सगळेच सांगतील. लग्नाच्या फोटोंना ते ठीक आहे. आपल्याला मात्र धूसरपणाच नको आहे. पायथ्याच्या गावातून खऱ्या गडाचा फोटो काढला, तर वाटेपासून माचीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. जवळच्या छोट्या वस्तूचा काढला की पुढचं-मागचं विरघळतं, आणि बघणाऱ्याला कळतं की हे खेळणं आहे. खऱ्या शहराच्या फोटोत वरचा आणि खालचा भाग धूसर केला की इमारती खेळण्यातल्या दिसतात, ते याच कारणाने. म्हणून फोनचा पोर्ट्रेट मोडही बंद ठेव.

चौकटीत १५ सेंटिमीटर रुंदीचा दरवाजा आणि पहारेकरी घेतलेस, तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/११ला दोन सेंटिमीटरच्या आसपास खोली स्पष्ट मिळते. एफ/२२ करून ती वाढेल, पण विवर्तनामुळे सगळंच चित्र मऊ पडतं. एफ/११ला राहा, फार तर एफ/१६. त्याहून जास्त खोली हवी तर कॅमेरा न हलवता फोकस पुढून मागे सरकवत पाच-सहा फोटो काढ आणि संगणकावर एकत्र जोड. मावळे हलत नाहीत, पण गवत म्हणून पेरलेले अळीव झुळकीनेही डोलतात आणि जोडलेल्या फोटोत दुहेरी दिसतात. वारा पडलेला असेल तेव्हाच हा उद्योग कर.

आयएसओ १०० आणि एफ/११ म्हटल्यावर शटर मंद होणार, हातात धरून चालणार नाही. जमिनीलगत बसणारा ट्रायपॉड घे, नाहीतर तांदळाची पिशवी कॅमेऱ्याखाली ठेव. दोन सेकंदांचा टायमर लाव, ट्रायपॉडवर लेन्समधलं स्थिरीकरण बंद कर, आणि पडद्यावरचं चित्र दहापट मोठं करून फोकस हाताने जुळव. संध्याकाळी पणत्या लावल्यावर शटर काही सेकंद उघडं राहील, राहू दे.

उभ्याने काढलेला किल्ल्याचा फोटो मला बघवत नाही. सगळे जण तसाच काढतात आणि किल्ला चिखलाच्या ढिगासारखा दिसतो. कॅमेरा अंगणात टेकव. तसा ठेवला की लेन्स मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीला येते. फोन असेल तर उलटा धर, म्हणजे लेन्स अगदी जमिनीशी जाते. अल्ट्रा-वाइड लेन्स जवळून फोकस करणारी असेल तर तीच वापर, खोली चांगली मिळते आणि बुरूज अंगावर आल्यासारखा दिसतो. मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकन कलाकाराने १:२४ प्रमाणातल्या मोटारी आणि घरं खऱ्या रस्त्याकडेला मांडून एल्गिन पार्क नावाचं आख्खं काल्पनिक गाव उभं केलं. कॅमेरा साधा खिशात मावणारा होता. मागची खरी झाडं आणि पुढचं खोटं गाव एका रेषेत आणलं की काम झालं.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. सहा सेंटिमीटरचा मावळा म्हणजे माणसाचा साधारण अठ्ठाविसावा हिस्सा. राजगडासारखा डोंगर त्या हिशेबाने बांधायचा तर सोसायटीच्या इमारतीएवढा होईल. तेव्हा पूर्ण किल्ल्याच्या फोटोत मावळे घेऊ नकोस, आणि मावळ्यांच्या फोटोत दरवाजा, पायऱ्या, एखादा बुरूज एवढंच ठेव. सिंहासनावरचे महाराज तर बहुतेकदा तटबंदीहून उंच असतात, त्यांचा फोटो वेगळा काढ.

उजेड सकाळचा, बाजूने येणारा. दोन दिवे दोन बाजूंनी लावलेस तर दोन सावल्या पडतील, आणि सूर्य एकच असतो. मागे स्कूटर आणि वाळत घातलेले कपडे दिसत असतील तर फिकट निळसर चादर हातभर अंतरावर टांग.

राहिलं कोणतं मॉडेल. पडदा बाहेर काढून वळवता येईल असंच घे, नाहीतर चिखलात आडवं पडावं लागेल. वापरलेला कॅनन ७००डी किंवा निकॉन डी५३०० मिळाला तर पुष्कळ झालं, दोन्हींचा पडदा वळतो. फुल-फ्रेमच्या मागे लागू नकोस. त्याच चौकटीला आणि त्याच एफ आकड्याला त्यात खोली उलट कमी मिळते. जुना कॅमेरा घेताना लेन्समध्ये बुरशी आहे का ते बॅटरीच्या उजेडात बघ, आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. आणि वसुबारसेच्या आठवडाभर आधी तो हातात असू दे. ऐन दिवाळीच्या पहाटे बटणं शोधत बसू नकोस.