दूध संस्थेचे संगणकीय दप्तर अकस्मात वाढल्यास

दूध संकलनाच्या नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या संस्थांपुढे कधीकधी एक विचित्र अडचण उभी राहते. वर्ष-दोन वर्षे काम सुरळीत चालते आणि मग, बहुधा दहा दिवसांचे बिल काढण्याच्या वेळीच, संगणक नवी नोंद घेईनासा होतो. डेटाबेस अपेक्षेच्या कितीतरी पट वाढून जागा संपलेली असते. अशा वेळी घाईने जुन्या नोंदी पुसण्याकडे चिटणिसांचा कल होतो. तो घातक होय. त्या नोंदी उत्पादकांच्या पैशाचा पुरावा असतात. आणि पुष्कळदा वाढीचे कारण त्या नसतातच.

प्रथम साधा हिशेब मांडावा. ४०० सभासद दोन्ही वेळा दूध घालीत असतील तर रोज ८०० व वर्षास २,९२,००० नोंदी होतात. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, दर व रक्कम मिळून एका नोंदीस २०० बाइट धरल्यास वर्षाची भर सुमारे ५८ एमबी होते. शोधसूचीकरिता तितकीच जागा आणखी धरली, तरी दहा वर्षांत सव्वा जीबी भरत नाही. मग एका वर्षातच २० जीबी व्यापले गेले असतील, तर दुधाच्या नोंदींखेरीज दुसरेच काही साठले आहे हे उघड आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीत मूळ नोंदींची फाइल वेगळी व लॉगची फाइल वेगळी असते. प्रत्येक फेरबदल प्रथम लॉगमध्ये लिहिला जातो. दुकानातील कच्ची वहीच ती. डेटाबेस 'फुल रिकव्हरी' पद्धतीवर ठेवला असेल, तर या वहीची भरलेली पाने लॉगचा स्वतंत्र बॅकअप घेतल्यावाचून पुन्हा वापरता येत नाहीत. रोज रात्री संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप घेतला, तरीही नाही. येथेच बहुतेकांची फसगत होते. बॅकअप तर नियमित घेतला जातो, मग फाइल वाढते कशी, असे त्यांना वाटते.

यावर लॉगचा बॅकअप ठरावीक अंतराने, निदान प्रत्येक संकलनानंतर, घेण्याची व्यवस्था करावी. एवढ्याने फाइल लहान होत नाही, तिच्यातील जागा तेवढी मोकळी होते. म्हणून ती एकदाच 'श्रिंक' करून योग्य आकारावर आणावी. मूळ नोंदींची फाइल मात्र वारंवार श्रिंक करू नये. तिच्यातील शोधसूची विस्कळीत होते. लॉगची फाइल हाताने पुसणे तर सर्वस्वी वर्ज्य होय, कारण त्यानंतर डेटाबेस उघडेलच याची शाश्वती नसते. 'सिम्पल रिकव्हरी' पद्धत सोपी खरी, पण तीत शेवटच्या बॅकअपनंतरच्या नोंदी परत मिळविता येत नाहीत. सकाळचे संकलन कागदावरही उतरविणाऱ्या संस्थेने ती खुशाल पत्करावी.

वाढ मूळ फाइलमध्येच असल्यास कोणत्या तक्त्याने किती जागा घेतली याचा अहवाल काढावा. पावत्यांची छायाचित्रे अथवा कोणी केव्हा काय बदलले याची टिपणे त्यात सापडण्याचा संभव असतो. मोफत एक्सप्रेस आवृत्तीत २०१० पासून २०२२ च्या आवृत्तीपर्यंत मूळ फाइलीस १० जीबीची मर्यादा आहे. लॉग त्यात मोजला जात नाही. छायाचित्रे डेटाबेसबाहेर ठेवावीत. बदलांची टिपणे लेखापरीक्षण पुरे झाल्यावर, बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहून, मगच हलवावीत.

दरमहा पहिल्या तारखेस दोन्ही फाइलींचा आकार साठा नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा.