निंदताना कंबर का धरते?

तायांनो, कपाशी निंदताना कंबर धरते, ते स्नायूंमुळे. स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूत अ‍ॅक्टिन अन् मायोसिन असे आणखी बारीक धागे असतात. नसेतून निरोप आला की तंतूत कॅल्शियम सुटतं आणि मायोसिन अ‍ॅक्टिनला पकडून ओढतं. धागे आखूड होत नाहीत बरं का, ते एकमेकांवरून सरकतात. आखूड होतो तो स्नायू.

गंमत म्हणजे पकड सोडायलाही ऊर्जा लागते. तिच्यासाठी अन्न अन् रक्तातला ऑक्सिजन हवा. वाकूनच राहिलं तर आवळलेला स्नायू आपल्यातल्याच रक्तवाहिन्या दाबतो. म्हणून पात संपायची वाट पाहू नका, मधूनच सरळ उभ्या राहा. मालक बोलला तरी बोलू द्या! रक्त कमी असेल तर थकवा आणखी लवकर येतो. हिमोग्लोबिन तपासून घ्या.