डोकेदुखीची रोजकीर्द

दहिवडीच्या कचेरीत जमाबंदीच्या कागदांत हयात घालविलेल्या माझ्यासारख्या कारकुनाने घरातल्या दुखण्याची साधी नोंद ठेवू नये, आणि त्यापायी दहा वर्षांच्या नातवाने वर्षभर कपाळ धरून बसावे, याची शरम मला अद्याप वाटते. त्याची आजी सुंठ उगाळून लेप लावी. मी मात्र, कोणासही न विचारता, दुकानातली गोळी देई. प्रथम आठवड्यास एक, मग दिवसाआड. "डोकं दुखतंय का रं?" ही विचारणा तर अष्टौप्रहर.

साताऱ्याच्या बालरोगतज्ज्ञांनी नेत्र, रक्तदाब व चालीचा तोल तपासला आणि विचारले, "महिन्यात गोळ्या किती?" मी निरुत्तर. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यास 15 वा अधिक दिवस, असे काही महिने, पोटात गेली तर तीच डोकेदुखीस कारण होते, हे तेव्हा कळले. रोजच्या औषधाचा आग्रह मी धरताच त्यांनी 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीचा दाखला दिला : अर्धशिशीच्या मुलांत अमिट्रिप्टिलिन व टोपिरामेट ही औषधे नकली गोळीहून सरस ठरली नव्हती.

मग रोजकीर्द घातली : झोप, न्याहारी, पाणी, गोळी, दुखणे. तीन आठवड्यांत रुजवात पटली. पाणी जपून वापरण्याची आम्हा माणदेशींची पिढीजात खोड पोराने इतकी अंगी बाणवली होती की शाळेतून बाटली भरलेलीच परत येई. सकाळी नुसता चहा, रात्री अकरापर्यंत मोबाईल. गोळीस आठवड्यातून दोनच दिवसांची, वैद्यांनी ठरविलेल्या मात्रेची मुभा राहिली. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी 1929 साली ग्रंथरूपाने मांडलेली, मुठी, खांदे, जबडा क्रमाने आवळून सैल सोडण्याची रीत तो निजताना करू लागला. ती दुखत नसतानाच गिरवावी लागते, दुखू लागल्यावर शिकू म्हटल्यास साधत नाही. किरकोळ दुखण्यास शाळा चुकवू द्यायची नाही, असेही ठरले. मात्र पहाटे झोपेतून उठविणारी व ओकारी आणणारी डोकेदुखी, ज्वरासह ताठलेली मान, अंधुक दृष्टी किंवा ढळणारा तोल दिसल्यास रोजकीर्द बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

सर्वांत कठीण हुकूम माझ्यावर होता : दुखण्याची विचारपूस करावयाची नाही, कारण वारंवार विचारल्याने मुलाचे चित्त वेदनेवरच खिळते. रकाने आता तोच भरतो. 'दुखणे' हा रकाना बहुधा कोरा असतो. प्रश्न अजून ओठांवर येतो. तेव्हा त्याची आजी डोळे वटारते, आणि मी निमूटपणे अंगणात जातो.